शांती टिकते कशाने?

'संधि' हा शब्द 'सम्' व 'धा' यांपासून झाला असून एकत्र ठेवणे, जोडणे हा त्याचा मूळ अर्थ होय. राजनीती व व्याकरण या दोन्ही शास्त्रांत हाच शब्द योजतात. 'महा' व 'ईश' जोडले की 'महेश' होते. येथे दोन्ही स्वर आपापले रूप सोडतात व त्यांच्या जागी तिसराच एकार येतो. 'लोके' व 'अस्मिन्' जोडले की मात्र एकार जसाच्या तसा राहतो, अकार लोपतो आणि अवग्रहाची खूण तेवढी मागे उरते. तहही असेच दोन प्रकारचे असतात. एका पक्षाला गिळून केलेला तह कागदावर पूर्ण दिसतो. परंतु लोपलेल्याची खूण मनात राहतेच, आणि पुढील कलहाचे बीज तेच ठरते.

गीता रणांगणावर सांगितली गेली, हे सर्वांस ठाऊक आहे. तत्पूर्वी भगवान स्वतः शिष्टाईस गेले होते व पांडव पाच गावांवरही समाधान मानण्यास सिद्ध होते, हे उद्योगपर्वातील वृत्त मात्र आपण विसरतो. दुर्योधनाने तेवढेही नाकारले. तिसऱ्या अध्यायात यज्ञाचे तत्त्व सांगताना परस्परांच्या पोषणानेच परम श्रेय लाभते, असे भगवंतांनी म्हटले आहे; जो घेतो पण परत देत नाही, त्यास चोर ठरविले आहे. शांतीचे मर्म यातच आहे.

आपल्याच देशातील एक उदाहरण पाहू. मिझो टेकड्या पूर्वी आसामचा एक जिल्हा होत्या. तेथे सुमारे अर्ध्या शतकाने एकदा बांबूला फुलोरा येतो, उंदीर अतोनात वाढतात व उभे धान्य फस्त करतात. १९५९ साली असाच दुष्काळ पडला आणि लोकांच्या हाकेस वेळीच पुरेशी ओ मिळाली नाही. दुष्काळनिवारणासाठी निघालेल्या संस्थेतूनच १९६१ साली लालडेंगा यांची मिझो नॅशनल फ्रंट उभी राहिली, आणि मार्च १९६६ मध्ये तिने स्वातंत्र्य पुकारून शस्त्र उचलले. ऐजॉलवर विमानांतून मारा झाला. असंख्य कुटुंबांना गावे सोडून लष्कराच्या पहाऱ्यातील वस्त्यांत राहावे लागले. वीस वर्षे लोटली, तरी बळाने शांती आली नाही.

ती आली ३० जून १९८६ च्या कराराने. फ्रंटने स्वतंत्र राष्ट्राची मागणी व शस्त्रे सोडली. केंद्राने पूर्ण राज्याचा दर्जा मान्य केला. मिझोंचे धर्माचार, रूढी व जमिनीची मालकी यांविषयी संसदेचा कायदा विधानसभेच्या संमतीवाचून तेथे लागू होणार नाही, अशी तरतूद संविधानातच झाली. मुख्यमंत्री लाल थनहावला यांनी लालडेंगांसाठी आपले पद सोडून उपमुख्यमंत्रिपद पत्करले. दोन्ही स्वर बदलले, असेच म्हणावयास हवे.

खरी कसोटी पुढे होती. १९८८ साली लालडेंगांचे सरकार पक्षांतरामुळे कोसळले. १९८९ च्या निवडणुकीत त्यांचा पक्ष हरला. तरीही तो पुन्हा शस्त्रांकडे वळला नाही, कारण पराभूतासही परतण्याचा मार्ग मोकळा होता. १९९८ साली तोच पक्ष निवडणूक जिंकून सत्तेवर आला. २००७ च्या सुमारास बांबू पुन्हा फुलला. या वेळी शासनाने आधीच योजना आखली होती. टंचाई आली, बंड झाले नाही.

तथापि एक उणीव सांगितलीच पाहिजे. १९९७ साली याच राज्यातून ब्रू जमातीच्या हजारो लोकांना त्रिपुरात आश्रय घ्यावा लागला, आणि त्यांना तेथेच वसविण्याचा करार होण्यास २०२० साल उजाडले. ज्याला आपला वाटा मिळाला, त्याने आपल्याहून लहानाचा वाटा राखणे हेही शांतीचेच अंग होय.

वाचकहो, राज्यांचे जे, तेच घराचे. भावाभावांची वाटणी करताना वडीलधाऱ्यांनी तीन गोष्टी पाहाव्या : दोघांनीही काही सोडले आहे काय, दोघांचाही मान राहिला आहे काय, आणि उद्या एखाद्याची तक्रार निघाली तर ती ऐकणारे कोणी आहे काय? तिन्हींचे उत्तर होकारार्थी असेल, तरच कागदावर सही घ्यावी.