रक्तवाहिनीतलं कॅल्शियम कसं मोजतात?

तायांनो, बोअरच्या पाण्यानं हंड्याला आतून पांढरा थर बसतो ना? हृदयाच्या आजारी रक्तवाहिनीतही चरबीच्या थरात कॅल्शियम साचतं. (पाण्यामुळं नव्हे बरं का!) सीटी स्कॅनमध्ये ते पांढरं दिसतं. सुई टोचावी लागत नाही, काही मिनिटांत फोटो निघतो. त्यावरून १९९० साली आलेल्या अगॅटस्टन पद्धतीनं आकडा काढतात. ० म्हणजे कॅल्शियम दिसलं नाही. ४०० च्या पुढं धोका जास्त.

पण मऊ चरबी यात दिसत नाही. म्हणून छातीत, जबड्यात, पाठीत कळ येऊन घाम फुटला, दम लागला, तर या तपासणीसाठी गटातून कर्ज काढत बसू नका. लगेच १०८ ला फोन करा. तिथं आधी ईसीजी लागतो. एरवी बीपी-शुगर तपासायला गावचं उपकेंद्र आहेच.