भूलतज्ज्ञांपासून काही लपवू नका

ऑपरेशनची तारीख ठरली की अनेकांना शस्त्रक्रियेपेक्षा भुलेचीच धास्ती जास्त वाटते. परत शुद्धीवर येऊ ना? मध्येच जाग आली तर? पाठीत इंजेक्शन घेतलं तर जन्मभर कंबर धरेल का? मनात हे सगळं घोळत असतं आणि डॉक्टर विचारतात तेव्हा तोंडून एवढंच निघतं, "काही त्रास नाही."

हर्नियाच्या ऑपरेशनसाठी मी दाखल झालो तेव्हा शेजारच्या खाटेवरचे काका असेच गप्प होते. ऑपरेशनच्या सकाळी त्यांनी चहा-बिस्किटं घेतली आणि सिस्टरना मात्र "उपाशी आहे" असं सांगितलं. मुलीला राहवलं नाही, तिने खरं सांगून टाकलं. ऑपरेशन दुसऱ्या दिवसावर गेलं. काका चिडले. तेव्हा भूलतज्ज्ञ डॉक्टर त्यांच्या खाटेशी बसल्या आणि त्यांनी कारण समजावलं: पूर्ण भुलेत खोकला-ठसक्याची नैसर्गिक राखण थांबते, पोटातलं अन्न वर येऊन फुप्फुसात उतरू शकतं. म्हणूनच हलकं खाणं किमान 6 तास आधी आणि तळलेलं, जड जेवण 8 तास आधी थांबवायचं. साधं पाणी बहुतेकांना 2 तास आधीपर्यंत चालतं. दुधाचा चहा त्यात धरत नाहीत.

मग काका बोलते झाले. रोजची मिश्री, रक्त पातळ ठेवणारी गोळी, हलणारा दात, सगळं बाहेर आलं. यातली प्रत्येक गोष्ट भूलतज्ज्ञांच्या कामाची होती. श्वासनळीत नळी घालताना हलता दात निसटू शकतो. रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर पाठीतल्या इंजेक्शनचा निर्णय बदलू शकतो.

आता परत शुद्धीवर येण्याच्या धास्तीबद्दल. 16 ऑक्टोबर 1846 रोजी बॉस्टनमध्ये विल्यम मॉर्टन यांनी ईथर हुंगवून जाहीर शस्त्रक्रियेत भूल दिली, तेव्हा रुग्णावर लक्ष ठेवायला डोळे आणि बोटं एवढंच साधन होतं. आज बोटावरचा ऑक्सिमीटर रक्तातल्या ऑक्सिजनची पातळी सतत दाखवतो. त्यामागचं तत्त्व जपानचे ताकुओ आओयागी यांनी 1970च्या दशकात मांडलं. कॅप्नोग्राफ श्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजतो, ईसीजी आणि रक्तदाबाचे आकडे समोर असतात. भूल देऊन भूलतज्ज्ञ निघून जात नाहीत. ऑपरेशन संपेपर्यंत ते रुग्णाच्या उशाशीच असतात.

मध्येच जाग येणं अतिशय विरळा. ब्रिटन आणि आयर्लंडमधल्या 2014 सालच्या मोठ्या पाहणीत पूर्ण भुलेच्या सुमारे 19,000 वेळांमागे अशी एक तक्रार आढळली. सिझेरियननंतरच्या कंबरदुखीचं खापर बायका बहुतेकदा पाठीतल्या इंजेक्शनवर फोडतात. टोचल्या जागी काही दिवस दुखू शकतं, क्वचित डोकं दुखतं. पण कायमच्या कंबरदुखीशी त्याचा संबंध अभ्यासांत दिसलेला नाही.

तेव्हा भूलपूर्व तपासणीला जाताना कागद लिहून न्या: चालू औषधं (मधुमेहाच्या, वजन घटवायच्या इंजेक्शनांसह), ॲलर्जी, दमा, घोरणं, तंबाखू-दारू, आधीच्या ऑपरेशनात झालेला त्रास, घरात कुणाला भुलेचा त्रास झाला असल्यास तोही. कोणती गोळी घ्यायची, कोणती थांबवायची हे डॉक्टरांनाच ठरवू द्या. कवळी काढा, नखांचं पॉलिश पुसा. आणि भीती वाटत असेल तर तेही सांगा. मन शांत करणारं औषध आधी देता येतं. हे सांगायला लाजू नका, आणि तुमच्या घरातलं कुणी दाखल होणार असेल तर त्यांनाही लाजू देऊ नका.