ऑनलाइन माध्यमातून बालकांचे प्राथमिक संगीतशिक्षण

गाणे समोर बसूनच शिकावे लागते, ही आपल्याकडची जुनी समजूत आहे आणि ती बव्हंशी खरी आहे. मात्र तिची दुसरी बाजूही ध्यानात घेतली पाहिजे. गुरूच्या घरी राहूनच विद्या मिळत असे, त्या काळी ज्याला गुरूच्या घराचा उंबरठा ओलांडता येत नसे त्याला विद्याही मिळत नसे. पं. विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी १९०१ साली लाहोर येथे गांधर्व महाविद्यालय स्थापन केले आणि गाणे वर्गात आणले. पं. विष्णु नारायण भातखंडे यांनी बंदिशी स्वरलिपीत उतरवून ‘क्रमिक पुस्तक मालिके’तून छापल्या. दोघांनाही त्या काळी विरोध झाला. तेव्हा ‘मोबाइलवर का कुठे गाणे शिकता येते?’ असा प्रश्न कोणी विचारला की आम्हांस नवल वाटत नाही. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि प्राथमिक वर्ग दीर्घकाळ बंदच राहिले. त्या काळात हा प्रश्न घरोघरी आला. साथ ओसरली, पण ऑनलाइन वर्ग राहिले. ज्या गावात वा वस्तीत संगीताचा शिक्षक नाही, तेथील मुलांसाठी तो आजही एकच दरवाजा असू शकतो. तो कसा उघडावा, एवढाच विचार आम्ही येथे पहिली ते चौथीच्या मुलांपुरता मांडीत आहोत.

सर्वप्रथम माध्यमाचा स्वभाव समजून घ्यावा. शिक्षकाचा आवाज मुलापर्यंत पोहोचण्यास आणि मुलाचा आवाज परत येण्यास वेळ लागतो. बोलताना तो जाणवत नाही, गाताना मात्र सारा घोटाळा करतो. हिशेब सोपा आहे. मिनिटाला १२० मात्रांची लय धरली तर एक मात्रा अर्ध्या सेकंदाची होते. जाण्यायेण्यात पाव सेकंद गेला तर मूल अर्धी मात्रा मागे पडलेले ऐकू येते. मूल बिचारे बरोबर गात असते. त्याला शिक्षकाचा स्वर जेव्हा ऐकू आला तेव्हाच त्याने आपला मिळवला, पण शिक्षकाच्या कानी तो उशिरा पडला. अशा वेळी ‘लय सोडलीस’ म्हणून मुलाला टोकणे हा अन्याय होय. एकाच वेळी दहा मुलांना गायला लावले तर दहा ठिकाणांहून दहा उशीर येतात, आणि त्याला समूहगान म्हणता येत नाही.

यावर आम्हांस उपयोगी पडलेली रीत अशी. शिक्षकाने गावे, सर्व मुलांनी त्यासोबतच गावे, परंतु मुलांकडील माइक बंद असावेत. प्रत्येक मुलाला आपण गुरुजींबरोबर गात आहोत असेच वाटते, आणि त्याच्यापुरते ते खरेही असते. त्यानंतर एकेकाचा माइक उघडून तीच ओळ त्याच्याकडून ऐकावी. हे दुसरे काम टाळता येत नाही. माइक बंद ठेवून अर्धा तास हसऱ्या चेहऱ्यांकडे पाहत राहिले, तर वर्ग झाल्याचे समाधान मिळते, पण कोणते मूल बेसूर गेले ते कोणालाच कळत नाही. म्हणून एका वर्गात पाच-सहाच मुले घ्यावीत, वीस नव्हेत. वेळ २५ ते ३० मिनिटे पुरे. या वयाचे लक्ष त्यापुढे पडद्यावर टिकत नाही.

दुसरी अडचण अशी की, हे कार्यक्रम मुळात बोलण्यासाठी बनवलेले आहेत. सतत चालणारा एकसारखा आवाज हा पंख्याचा वा रस्त्याचा गोंगाट आहे असे समजून ते तो दाबतात. तंबोरा नेमका तसाच वाजतो! लांबवलेला ‘सा’ मधेच विरून जातो आणि मुलाचा श्वास संपला असे शिक्षकाला वाटते. झूममध्ये यासाठी ‘ओरिजिनल साउंड’ नावाची सोय आहे, ती चालू करावी. गुगल मीटमध्ये गोंगाट कमी करण्याची सोय बंद करता येते. टाळीचीही तीच गत आहे. टाळीचा आवाज पुष्कळदा गाळला जातो. म्हणून ताल शिकवताना मुलाने टाळी द्यावीच, पण मात्रा तोंडाने मोठ्याने मोजाव्यात. मोजणे आणि गाणे एकाच तोंडून आल्याने दोहोंना उशीरही सारखाच होतो आणि त्यांचे परस्परांशी नाते शाबूत राहते. ब्लूटूथचे हेडफोन आणखी थोडा उशीर घालतात, तेव्हा साध्या वायरचा हेडफोन बरा. तोही नसला तर काही बिघडत नाही.

आता प्रत्यक्ष शिकवण्याकडे वळू. पहिल्या दिवशी सातही स्वरांची यादी फळ्यावर लिहून ‘म्हणा’ म्हणणे आम्हांस पटत नाही. प्रथम मुलाचा ‘सा’ शोधावा. पुरुष शिक्षक आपल्या काळी एकमध्ये गाऊ लागला की लहान मूल त्याची नक्कल करीत आवाज खाली ओढते आणि घोगरे होते. मुलांना काळी चार-पाचच्या आसपासचा ‘सा’ बहुधा सोयीचा पडतो, तरी प्रत्येकाचा गळा पाहूनच ठरवावे. पुरुष शिक्षकाने पेटीवर स्वर देऊन दाखवावा, किंवा वर्गातील एखाद्या मुलीचा स्वच्छ स्वर इतरांपुढे ठेवावा. नंतर केवळ ‘सा’ आणि ‘प’. मग ‘सा रे ग’. तीन-चार आठवडे याहून पुढे गेले नाही तरी चालेल. त्यापुढे भूप घ्यावा. भूपात ‘म’ आणि ‘नी’ वर्ज्य असल्याने शेजारच्या दोन स्वरांत अर्ध्या स्वराचे अंतर कोठेच येत नाही. नवख्या कानाची जेथे हमखास फसगत होते ती जागाच तेथे नाही, म्हणून कच्च्या गळ्यालाही तो साथ देतो. अलंकारही याच पाच स्वरांत बांधावेत : सारेग, रेगप, गपध, पधसां.

पडद्याचा एक फायदाही आहे. हात स्पष्ट दिसतो. इंग्लंडमध्ये जॉन कर्वेन यांनी एकोणिसाव्या शतकात हाताच्या खुणांनी स्वर दाखवण्याची पद्धत रूढ केली, आणि हंगेरीचे संगीतकार झोल्तान कोदाय (१८८२–१९६७) यांच्या विचारांवर उभ्या राहिलेल्या शिक्षणपद्धतीने ती पुढे जगभर नेली. आपण त्या खुणा जशाच्या तशा घेण्याचे कारण नाही. ‘सा’ला हात कमरेशी, ‘प’ला खांद्याशी, ‘सां’ला डोक्यावर, एवढे पुरेसे आहे. माइक बंद असतानाही कोणाचा हात चुकला ते शिक्षकाला दिसते. लयीचे म्हणाल तर आपल्या वस्त्यांतील मूल कोरे नसतेच. लेझीम, हलगी, ढोलकी त्याने जयंतीच्या मिरवणुकीत ऐकलेली असते. केरव्याच्या आठ मात्रा त्याच्या पायात आधीच असतात, त्यांना फक्त नाव द्यायचे असते.

खरा पेच घरातला आहे. एकच मोबाइल, तो वडिलांसोबत कामावर जातो आणि रात्री आठ वाजता परत येतो. एकाच खोलीत आजी झोपलेली, धाकटा रडतो आहे, शेजारच्या भिंतीपलीकडे दूरदर्शन संच चालू. अशा घरात मुलीने मोठ्याने ‘सा’ लावावा तर पहिला हसतो तो थोरला भाऊ. हे मूल दोन वर्ग चुकले की ‘रस नाही’ म्हणून त्याचे नाव गळते, आणि ‘हिला गळाच नाही’ हे वाक्य पुढे जन्मभर तिच्यासोबत राहते. अशांसाठी थेट वर्गापेक्षा ध्वनिमुद्रण उपयोगी पडते. शिक्षकाने दोन मिनिटांचा पाठ आवाजात भरून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवावा. चित्रफितीच्या मानाने त्याला डेटा फार थोडा लागतो. मुलाने सवडीने ऐकून स्वतःचा आवाज भरून परत पाठवावा. शिक्षकाचे उत्तरही आवाजातच असावे, आणि त्यात नेमकी एकच दुरुस्ती असावी : ‘तुझा ग थोडा खाली राहिला, पुन्हा ऐक’. केवळ अंगठ्याचे चित्र पाठवणारा शिक्षक शिकवीत नाही, हजेरी घेतो.

पालकांना आमची विनंती एवढीच की, मुलाशेजारी बसून त्याच्या वतीने गाऊ नये, आणि पाहुण्यांपुढे ‘म्हणून दाखव’ असा आग्रह पहिले वर्ष तरी धरू नये. मोबाइल मांडीवर न ठेवता डोळ्यांच्या उंचीवर डब्याला टेकवून ठेवावा, म्हणजे मान वाकत नाही व श्वास मोकळा राहतो.

दोन-तीन महिन्यांतून एकदा मात्र या सर्व मुलांना एका सभागृहात एकत्र बसवलेच पाहिजे. एकमेकांचा आवाज ऐकून आपला मिळवणे हे मोबाइलवर कोणत्याही उपायाने शिकवता येत नाही. त्या दिवशी नवे काही घेऊ नये. तंबोरा लावावा, सर्वांनी मिळून ‘सा’ धरावा. आरंभी पाच-सहा निरनिराळे ‘सा’ ऐकू येतील. शिक्षकाने काही न बोलता थांबावे. बहुतेक मुले आपापल्या कानाने हळूहळू एका ठिकाणी येतात. जी येत नाहीत त्यांची नावे टिपून घ्यावीत, पुढील आठवड्याचा वर्ग त्यांच्यापासून सुरू करावा.