तबकडीतला आवाज संगणकात उतरवताना
(बी. ए. द्वितीय वर्ष)

किर्लोस्कर नाटक मंडळीचे गायक नट भाऊराव कोल्हटकर १९०१ साली वारले. त्यांच्या गाण्याने प्रेक्षक वेडे होत असत, परंतु ते गाणे आज कोणालाही ऐकता येत नाही. ग्रामोफोन कंपनीने आपल्या देशात ध्वनिमुद्रण सुरू केले ते १९०२ साली, कोलकात्यात. त्यांच्यामागून रंगभूमीवर आलेल्या बालगंधर्वांचा आवाज मात्र तबकड्यांवर राहिला आणि आपल्यापर्यंत पोहोचला.

मग तबकडीवरचा आवाज अमर म्हणायचा का? तसेही नाही. सुई खाचेतून फिरते तेव्हा दर वेळी खाच थोडी झिजते. हे मला घरातल्या एका लोखंडी पेटीने शिकवले. अंतरिक्ष पार्श्वनाथाच्या मंदिरामुळे ओळखल्या जाणाऱ्या आमच्या शिरपुरात माझे आजोबा लग्नाच्या मांडवात भोंगा लावत. त्यांना लिहिता-वाचता येत नाही. वेष्टनावरचे चित्र पाहून ते गाणे ओळखत. त्यांच्या पेटीत तीसएक तबकड्या उरल्या आहेत. गेल्या उन्हाळ्यात त्या संगणकात उतरवायचे मी मनावर घेतले. त्यात झालेल्या चुका आणि त्यातून समजलेले शास्त्र प्रस्तुत लेखात मांडतो.

पहिली चूक जोडणीची. अकोल्याहून उसना आणलेला टर्नटेबल मी थेट लॅपटॉपच्या माइकच्या छिद्रात जोडला. आवाज पत्र्यावर वाजवल्यासारखा बारीक आला. याचे कारण तबकडीच्या घडणीत आहे. खालच्या पट्टीचे आवाज खाचेला फार रुंद वळणे देतात. ती शेजारच्या खाचेत शिरू नयेत म्हणून तबकडी कोरताना हे आवाज कमी आणि वरचे आवाज जास्त ठेवतात. वाजवताना हा फरक उलटा करून घ्यावा लागतो. यासाठी १९५४ साली ठरलेले प्रमाण ‘आरआयएए’ या नावाने ओळखले जाते. हे काम फोनो प्रीअॅम्प्लिफायर करतो. तो मध्ये जोडल्यावर ढोलकी पुन्हा ढोलकीसारखी वाजली.

त्यापुढे ऑडिओ इंटरफेस लागतो. आवाज म्हणजे विजेची सतत खालीवर होणारी लहर. संगणकाला कळतात फक्त आकडे. इंटरफेस हा या दोघांमधला दुभाषी. तो लहर सेकंदाला हजारो वेळा मोजून आकडे लिहितो आणि ऐकताना तेच आकडे पुन्हा लहरीत बदलतो. सीडीसाठी हे मोजमाप सेकंदाला ४४,१०० वेळा, १६ बिटांत होते. जतनासाठी ९६,००० वेळा आणि २४ बिट चांगले. मग एका मिनिटाला सुमारे ३५ मेगाबाइट जागा लागते, एल.पी.च्या वीस मिनिटांच्या बाजूला सुमारे ७००. आवाजाची पातळी मात्र कमाल मर्यादेच्या बरीच खाली ठेवावी. मर्यादेपलीकडे गेलेला आवाज फाटतो, आणि फाटलेला आवाज नीट सांधता येत नाही.

दुसरी चूक अधिक मोठी होती. एका भजनाच्या तबकडीत खरखर फार होती. ‘ऑडेसिटी’ या मोफत प्रणालीने मी ती पार पुसून टाकली आणि अभिमानाने आजोबांना ऐकवली. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “खरखर गेली हे खरं, पन मांगचे टाळ कोठी गेले रे पोरा? हे तं धुतलेलं गानं हाय.”

त्यांचे बरोबर होते. टाळांचा झणत्कार आणि खरखर हे दोन्ही वरच्या पट्टीत पसरलेले आवाज. एकाला पुसताना दुसराही पुसला गेला. ज्यांना मी अडाणी समजत होतो, त्यांच्या कानांनी यंत्राची चूक पकडली. मूळ उतरवलेली फाइल मी ठेवलीच नव्हती. तबकडी पुन्हा वाजवावी लागली, म्हणजेच पुन्हा एकदा झिजवावी लागली.

तेव्हापासून एक नियम पाळतो. जसा आवाज आला तसा, खरखरीसकट, मूळ प्रत म्हणून ठेवायचा. साफसफाई करायची ती दुसऱ्या प्रतीवर. मूळ प्रत दोन वेगळ्या ठिकाणी ठेवायची आणि तबकडीचा क्रमांक व उतरवल्याची तारीख सोबत लिहायची. ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकडीची खाच रुंद असते, तिला वेगळी सुई लागते. ती लाखेची असते, म्हणून स्पिरिटने पुसू नये, लाख विरघळते. आणखी एक गोष्ट: ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रसिद्धीनंतर ६० वर्षे राहतो आणि गीतकार-संगीतकारांचे हक्क वेगळे असतात. तेव्हा अशा प्रती घरापुरत्या ठेवाव्यात, वाटत सुटू नये.

मुंबईत १९९० साली स्थापन झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स या संस्थेमुळे जुन्या तबकड्यांचे संग्राहक एकत्र आले. परंतु आपल्या मालेगाव तालुक्यातल्या माळ्यांवरच्या पेट्यांपर्यंत मुंबई कशी पोहोचणार? ते काम आपलेच आहे. विद्यार्थी मित्रहो, घरातली तबकडी किंवा कॅसेट भंगारात देण्यापूर्वी एकदा घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा, यात काय आहे?

आमच्या पेटीतल्या अकरा तबकड्या झाल्या आहेत. आजोबांचे कान शाबूत आहेत तोवर उरलेल्या पुऱ्या करायच्या आहेत.