मूल मागे पडले? आधी कारण शोधा

निकाल लागला की वस्तीत प्रश्न येतो, "ताई, पोरगं कच्चं राहिलं. याच वर्गात अजून एक वर्ष बसवू का?" आम्ही आधी विचारतो, कच्चं का राहिलं?

कायदा असा आहे. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने आठवीपर्यंत नापास करणे बंद केले. 2019 च्या दुरुस्तीनंतर पाचवी आणि आठवीला मुलाला मागे ठेवता येते, पण लगेच नाही. आधी जादा शिकवणी आणि निकालापासून दोन महिन्यांत फेरपरीक्षा द्यावी लागते. आठवी होईपर्यंत शाळेतून काढता येत नाही.

निर्णयाआधी एवढे तपासा:

डोळे : फळ्यावरचे उतरवताना चुकते, पुस्तक नाकाशी धरते? चष्मा लागला असेल.

कान : कान वाहतो, दोनदा हाक मारावी लागते? तेल घालू नका, डॉक्टरांना दाखवा.

रक्त : पापणी आतून फिकट, लवकर थकवा? हिमोग्लोबिन तपासा. लोहाची गोळी जेवणानंतर द्या, वर लगेच चहा नको.

वाचन-लेखन : बोलायला हुशार, पण अक्षरे जुळवताना वर्षानुवर्षे अडते? ही अध्ययन अक्षमता असू शकते. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात ती धरली आहे. प्रमाणपत्र मिळाल्यास परीक्षेत सवलत मिळते.

हजेरी : धाकट्याला सांभाळायला, पाणी भरायला किती दिवस शाळा बुडली? हे घरानेच मोजावे.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक सरकारी आणि अनुदानित शाळांत मोफत तपासणी करते. ते कधी येणार, हे मुख्याध्यापकांना विचारा.

मोठ्या आजारपणात वर्षाचा बराच भाग गेला असेल, मूल स्वतः तयार असेल आणि यंदा वेगळे काय शिकवणार हे गुरुजी नेमके सांगत असतील, तर पुन्हा बसवायला हरकत नाही. पण डोळ्याला दिसत नसेल, तर तोच फळा आणखी एक वर्ष दाखवून काय होणार? तिथे चष्मा हवा. बाकी मुलांना पुढच्या वर्गात जाऊ द्या आणि मागचा अभ्यास भरून काढा.

मागे राहिलेले थोराड मूल धाकट्यांत बसायला लाजते, शाळा चुकवते. मग मुलगी घरकामात अडकते, मुलगा मजुरीला लागतो. म्हणून मुलालाही विचारा. आणि 'ढ' हा शब्द घरात कुणी उच्चारू नये.