फोटो कोणाचा? बामाकोचे दोन फोटोग्राफर

कापडवाल्याने फोटोवर का लिहावे, असे काही बंधू विचारतील. लग्नसराईच्या मालाचा कॅटलॉग आपण काढतो, फोटोग्राफरला पैसे देतो, आणि फोटो कोणाचा हा प्रश्न भांडण झाल्यावर विचारतो. माझे एकाशी असेच वाजले होते. त्याविषयी पुढे सांगतो.

पश्चिम आफ्रिकेत माली देशाची राजधानी बामाको. तेथील सेदू केता मूळचे सुतार, शाळेचे तोंड न पाहिलेले. 1935 साली काकांनी सेनेगलहून कोडॅकचा छोटा कॅमेरा आणून दिला. 1948 मध्ये केतांनी घराशीच स्टुडिओ थाटला. फिल्म महाग, म्हणून एका गिऱ्हाइकाचा एकच फोटो. हात कोठे ठेवायचा, मान किती वळवायची, हे सारे आधी ठरवायचे. सूट, घड्याळ, रेडिओ स्टुडिओतच मिळे.

मला भावला तो त्यांचा पडदा. पहिला पडदा म्हणजे घरातल्या पलंगाची झालरीची चादर! दोन-तीन वर्षांनी ते पडदा बदलत, आणि पुढे नक्षी पाहून फोटो कोणत्या काळातला ते सांगत. बायका मोठ्या छापाचे झगे घालून येत, मागे फुलापानांचा पडदा, म्हणजे नक्षीवर नक्षी. आपण माल दाखवताना मागचा रंग साधा ठेवतो, नाहीतर माल बुडतो. येथे उलटे घडते. चौकटीत चेहरा तेवढा साधा, म्हणून नजर तेथेच थांबते.

हे सारे रोजीसाठी केलेले काम होते. पुढे सरकारी नोकरी लागली, स्टुडिओ बंद झाला, पण निगेटिव्ह जपून ठेवले. 1991 मध्ये न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात त्यांचे फोटो लागले, खाली फोटोग्राफर अज्ञात असे लिहून. मग शोध लागला. 1994 मध्ये पॅरिसला स्वतंत्र प्रदर्शन झाले. तळहाताएवढे छापून गिऱ्हाइकाला दिलेले फोटो आता भिंतीवर टांगण्याइतके मोठे छापले गेले. केता 2001 मध्ये वारले आणि निगेटिव्हच्या मालकीचा वाद कोर्टात गेला.

त्याच शहरातले मलिक सिदिबे दागिन्यांची कारागिरी शिकलेले. 2007 मध्ये व्हेनिसला त्यांना सुवर्णसिंह सन्मान मिळाला. त्यानंतर 2009 मध्ये न्यूयॉर्क टाइम्सच्या मासिक विभागासाठी त्यांनी फॅशनचे कपडे टिपले, त्याच घरगुती स्टुडिओच्या ढंगात. त्या कामाला 2010 चे वर्ल्ड प्रेस फोटो पारितोषिक मिळाले. कपडे दाखवण्याच्या कामाला हलके समजणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

आता माझे भांडण. जुन्या कॅटलॉगमधले फोटो पुन्हा छापायचे होते. फोटोग्राफर म्हणाला, निगेटिव्ह माझे, वेगळे पैसे द्या. मी निमूट दिले. आपला 1957 चा कॉपीराइट कायदा सांगतो की, पैसे घेऊन दुसऱ्याच्या सांगण्यावरून काढलेल्या फोटोच्या हक्काचा पहिला मालक पैसे देणारा असतो, वेगळा करार नसेल तर. मुदत फोटोग्राफरची हयात आणि त्याच्या निधनानंतर 60 वर्षे. हे ना मला ठाऊक होते, ना बहुधा त्याला.

हक्क आणि निगेटिव्ह या मात्र दोन वस्तू. हक्क माझा असून निगेटिव्ह त्याच्या कपाटात, तर छापणार कशावरून? म्हणून बिलावर दोन ओळी लिहून घ्याव्यात: हक्क कोणाचा, आणि निगेटिव्ह किंवा मूळ फाइल कोणाकडे राहणार. फोटोग्राफर बंधूंना हक्क स्वतःकडे ठेवायचा असेल, तर त्यांनी तो करार बयाणा घेण्याआधीच करावा.