भाड्याच्या घरातील कुत्र्याचे केस, वास आणि आपला माल

आपल्यापैकी अनेक लहान व्यापारी व कारागीर राहत्या घरातच माल ठेवतात. खालच्या खोलीत तागे, वर कुटुंब, अशीच बहुतेकांची व्यवस्था असते. त्यामुळे घर भाड्याने घेताना भाडे आणि डिपॉझिट यांखेरीज आधीच्या भाडेकरूने तेथे काय ठेवले होते, हेही विचारले पाहिजे. मी ते विचारले नाही. 2024 च्या जानेवारीत भिवंडीत दोन खोल्यांचे घर घेतले आणि रमजानसाठी आणलेले पांढरे सुती कापड तेथे रचले. आधीच्या भाडेकरूकडे दोन कुत्रे होते, हे पहिली पार्टी माल परत घेऊन आली तेव्हा कळले. ताग्याच्या घडीत केस होते आणि कापडाला वास लागला होता.

घर पाहायला जाल तेव्हा मालक बहुधा खिडक्या उघड्या ठेवतो, पंखा लावतो. चावी मागून रात्रभर सर्व बंद ठेवावे आणि सकाळी जाऊन वास घ्यावा. उन्हाळा असेल तर कोपऱ्यात थोडे पाणी शिंपडावे. कुत्र्याचे मूत्र वाळले की त्याचे क्षार फरशीच्या सांध्यांत बसतात. हवा कोरडी असेपर्यंत ते गप्प असतात, ओल लागली की पुन्हा वास सोडतात. म्हणूनच मार्चमध्ये चांगले वाटलेले घर जुलैत नकोसे होते.

केसांचे काम कोरडेपणी करावे. आम्ही घाईने आधी पाणी ओतले, ते चुकले. ओले केस फरशीला चिकटून बसले आणि मोरीची जाळी तुंबली. केराचा झाडू जोरात मारला तर केस उडून दुसरीकडे बसतात, पंखा चालू असेल तर विचारायलाच नको. पंख्याची पाती, कपाटाचा माथा, खिडकीची जाळी असे वरून खाली यावे. जरा ओलसर फडक्याने पुसावे. सतरंजी, गादी, सोफा यांवर रबरी हातमोजा किंवा पाणी ओढायचा रबरी वायपर एकाच दिशेने ओढला की केसांचे गुंडाळे होऊन निघतात. पॉलिस्टरवर केस जास्त चिकटतात, कारण कोरड्या हवेत घर्षणाने त्यात वीज साचते. हाताला थोडा ओलावा असला की चिकटणे कमी होते. कपडे धुण्याआधी बाहेर नेऊन झटकावेत.

वासाचे मूळ शोधायला आपल्या धंद्यातलीच एक वस्तू उपयोगी पडते. खोट्या नोटा तपासायचा निळसर दिवा रात्री अंधारात फरशीवर व भिंतीच्या पायाशी धरावा. वाळलेल्या मुत्राचे डाग पिवळट चमकतात. मात्र पांढऱ्या कापडातील नीळ-सफेदीची पावडर आणि साबणाचे डागही चमकतात, म्हणून नाकाने खात्री करून खडूने खूण करावी.

त्या जागी फिनेल ओतणे म्हणजे वासावर वास. डांबराच्या गोळ्यांचेही तेच, शिवाय कापडाला त्यांचा वास लागतो तो वेगळाच. आधी थंड पाण्याने धुऊन पाणी टिपून घ्यावे. मग पाळीव जनावरांच्या डागांसाठी एन्झाइमचे औषध मिळते ते जागा पूर्ण भिजेल इतके घालावे आणि आपोआप वाळू द्यावे. त्याच जागी फिनेल घातले तर औषध निकामी होते. सिरका चालतो, पण शहाबादी, कोटा आणि संगमरवर यांवर नाही, कारण हे दगड आम्लाने खातात. ब्लीचिंग पावडर मुत्राच्या जागी किंवा ॲसिडसोबत कधीही वापरू नये, विषारी वायू निघतो. बंद खोलीत हे जिवावर बेतू शकते. भिंतीचा खालचा दोन फूट डिस्टेंपर खरवडून चुना मारावा. मूत्र प्यालेले प्लायवूड धुऊन सुटत नाही, ते काढूनच टाकावे लागते.

पाकीचा प्रश्न वेगळा, वास गेला म्हणजे तो सुटला असे नाही. हनफी मसलकाप्रमाणे कुत्र्याची लाळ नापाक आहे, पण कोरडा केस लागल्याने कपडा नापाक होत नाही. जमीन वाळून नापाकीचा रंग-वास उरला नाही तर तिच्यावर नमाज होते. शाफई मसलकात केसही नापाक. तो कोरडा असून कोरड्या कपड्यावर पडला तर काढून टाकणे पुरे, पण ओल असेल तर सात वेळा धुणे, त्यांत एकदा मातीने. भिवंडीत कोकणी बांधव शाफई आणि यंत्रमागावरचे बहुतेक लोक हनफी. दोघेही आपले गिऱ्हाईक, म्हणून नमाजी कपड्यासाठी माल विकताना शाफई काळजी घेतलेली बरी. आपल्या बाबतीत आपल्या मुफ्तीसाहेबांना विचारावे.

विकलेल्या मालाचे काय? ऐब सांगितल्याशिवाय माल देणे आपल्याला जायज नाही. मी तिन्ही पार्ट्यांना बोलावून सांगितले. एकाने पैसे परत घेतले, एकाने भाव कमी करून धुऊन वापरतो म्हटले, तिसऱ्याने कापड आधीच शिवायला दिले होते, त्याला धुलाईचा खर्च दिला. सीझनचा नफा त्यात गेला.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 प्रमाणे भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत असला पाहिजे, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. त्यातच घर कोणत्या स्थितीत ताब्यात मिळाले आणि वास-डाग निघाल्यास दुरुस्ती कोणाची, हे लिहून घ्यावे. माझ्या करारात असे काही नव्हते, म्हणून चुन्यापासून औषधापर्यंत सर्व खर्च मलाच पडला.

हे सर्व करूनही जूनच्या पहिल्या पावसात दाराच्या लाकडी चौकटीतून पुन्हा वास आला. चौकटीचा खालचा भाग कापून नवे लाकूड बसवले. तोपर्यंत तागे फळ्यांवर, भिंतीपासून वीतभर लांब आणि प्लॅस्टिकमध्ये बांधून ठेवले होते, त्यामुळे या वेळी माल वाचला.